अर्ध्या वेणूबाईचा भाव

माझ्या वर्गातल्या मैनाचा घसा बसला होता. हजेरीत तिचं नाव आलं तेव्हा तिनं तोंड उघडलं, आतून नुसती हवा आली, म्हणून तिनं शहाण्यासारखं पाटीवर ‘हजर’ लिहिलं आणि पाटी दोन्ही हातांनी डोक्यावर धरली. मी वहीत खूण केली, पुढचं नाव घ्यायला तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं. अगदी तशीच, लाकडी चौकटीची कोरी पाटी मी चार दिवसांपूर्वी माझगावच्या दुकानातून घेतली होती, वर पेन्सिलींचा पुडा घेतला होता, आणि इस्पितळात जाऊन आबांच्या हातात दिली होती. "आबा, आता काही म्हणून अडायचं नाही. हवं ते ह्याच्यावर लिहायचं," असं शेजारच्या खाटांनाही ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणाले होते. आबांनी पाटी घेतली, उलटसुलट करून पाहिली, चौकटीचं लाकूड अंगठ्यानं चाचपलं, मान डोलावली आणि ती उशीखाली ठेवून दिली. मी खूश होऊन घरी आले होते. मुंबईत मी जिच्याकडे राहायची त्या मामीला दोनदा सांगितलं होतं. आणि आता, चाळीस पोरांसमोर उभी असताना, माझ्या डोक्यात उजाडलं की माझ्या आबांना, दिघीच्या शिवदास तांडेलांना, लिहिता येत नाही. शाळेची पायरी ते जन्मात चढले नव्हते. माझ्या ट्रेनिंग कॉलेजच्या कागदावर त्यांचा अंगठा मीच धरून उमटवला होता. मला हसू फुटलं. बाईंना काय झालं म्हणून पोरं एकमेकांकडे बघू लागली, मग तीही हसायला लागली, आणि मैना बिचारी आवाज नसल्यामुळे नुसतीच गदगदा हलत राहिली.

मी त्यांना पाढे म्हणायला लावले आणि खिडकीशी जाऊन उभी राहिले. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं होतं, ते मी खडूच्या धुळीवर ढकललं. एकोणीसशे एकोणसाठचा श्रावण चालला होता. तीन आठवड्यांपूर्वी आबांचा कंठ काढून टाकला होता. कंठ काढतात म्हणजे काय काढतात हे मला आधी कळलंच नव्हतं. मला वाटलं होतं, आतली गाठ तेवढी काढतील आणि बाकीचं जागच्या जागी ठेवतील. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं, की रोग आवाजाच्या जागीच बसलाय, आता माणूस ठेवायचा की आवाज ठेवायचा एवढंच ठरवायचं आहे. आई म्हणाली, "मानूस ठेवा." ती इतक्या पटकन म्हणाली, की डॉक्टर हसले.  मला लाज वाटते सांगायला, पण त्या घटकेला मला दोन्हींत निवड करता आली नाही. आवाज काढून घेतलेले आबा म्हणजे नक्की कोण, हेच मला कळेना. भिंतीवरच्या फोटोला कुणी जेवू घालावं तसं आपलं होणार, असं काहीतरी मनात आलं आणि घर करून बसलं.

कारण आबा म्हणजे आमच्या घरात आधी आवाज होता, मग माणूस. मचवा खाडीच्या तोंडाशी आला की त्यांची हाळी यायची. ती ऐकली की आई चुलीवर आधण ठेवायची आणि आबा अंगणात पाय ठेवीपर्यंत भात उतरलेला असायचा. दिघीच्या बंदरावर त्यांनी आवाज टाकला तर पलीकडे आगरदांड्याला होडीत चढणारी माणसं मागे वळून बघत, असं म्हणत, आणि मला ते खरं वाटे. बोलायचे फार नाहीत. त्यांचं खरं बोलणं दोन शब्दांचं होतं, ‘गप बस’. कुत्रं भुंकलं, गप बस. वारा फिरला आणि खलाशी कुरकुरले, गप बस. मी व्हर्नाक्युलर फायनल पास झाले आणि मार्क सांगायला लागले तर, "गप बस," म्हणाले, बाहेर गेले आणि सगळ्या आळीला गूळ वाटून आले. लहानपणी मला ताप यायचा तेव्हा कपाळावर हात ठेवून हेच म्हणत, फक्त जरा हळू. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी त्यांना ढकलखाटेवर घातलं, तेव्हा आई काही रडली नाही, मीच शाळामास्तरीण असून भोकाड पसरलं. त्यांचा घसा आधीच चिरफाळलेला होता. त्यातून त्यांनी कसंबसं काढलं, "गप बस." दार लोटलं गेलं. त्यांच्या आवाजातले ते शेवटचे शब्द. त्यानंतर कितीतरी दिवस, फळ्यावर लिहीत असताना, मामीच्या मोरीत तोंड धूत असताना, ते माझ्या कानामागून यायचे आणि मी खरंच गप व्हायची.

शाळा सुटल्यावर मी थेट इस्पितळात गेले. आबा उशीला टेकून बसले होते. गळ्याला खाली भोक होतं, त्यात चांदीची नळी बसवली होती आणि तिच्यावरून पातळ फडकं सोडलं होतं. आई पायाशी बसून नारळाच्या करवंटीएवढ्या डब्यातून पेज ढवळत होती. ह्या नळीवर तिचा एक विनोद तयार होता, येईल त्या माणसाला ऐकवायची. "माज्या आंगावरचा सोना गेला आनि ह्याच्या गल्यात चांदी आली." सोनं गेलं होतं ते खरंच. पहिल्यांदा पाटल्या, मग कानातलं, मग माझ्या लग्नासाठी पत्र्याच्या डब्यात दडवलेलं. आई हे अशा थाटात सांगायची की ऐकणाऱ्याला वाटावं, हौसेनं दागिने मोडून नवऱ्याला नवा दागिना केला. मी खाटेच्या कडेला बसले आणि म्हटलं, "आबा, तुम्हाला लिहिता येत नाही." आबांनी माझ्याकडे बघितलं.  मग उशीखालून पाटी काढली आणि मला दाखवली. तिच्यावर औषधाच्या पेल्याचे गोल डाग होते. चार दिवस ते तिचा ताटलीसारखा उपयोग करत होते, पण मुलीनं हौसेनं आणलेली वस्तू म्हणून मी यायच्या वेळेला पुसून उशीखाली ठेवत होते. आणि मग त्यांचे खांदे हलायला लागले. नळीतून फू फू आवाज यायला लागला. आई घाबरून उठली, नर्सला हाक मारणार, तोच तिला दिसलं. "हसतंय," ती म्हणाली. "बघ गो केसर, हसतंय बापूस." ऑपरेशननंतर ते पहिल्यांदा हसले होते. हसू कंठात नसतं, हे मला तोपर्यंत माहीतच नव्हतं.

त्या दिवसापासून मला जरा बरं वाटायला लागलं, पण माझी अस्वस्थता काही गेली नाही. आईचं आबांच्या बोलण्यावाचून अडत नव्हतं. तिला त्यांचं सगळं कळायचं, भुवईवरून, हाताच्या उलट्या पंजावरून. ती त्यांच्याशी भांडायचीसुद्धा, आणि हरायचीसुद्धा. तिची तक्रार एकच होती. "मी बोलत सुटतंय आनि कोन गप बस म्हनत न्हाय. बोलन्यात मजाच न्हाय ऱ्हायली." मला मात्र त्यांचं बोलणं हवं होतं. कळणं आणि बोलणं ह्यात फरक आहे. मला कुणीतरी परक्या घरात सोडून दिवे काढून घेतल्यासारखं वाटे. मी चाळीस मुलांना रोज बोलतं करत होते आणि माझ्या बापाशी मला एक वाक्य बोलता येत नव्हतं.

टाके काढले त्या दिवशी डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. जखम भरली की दिवाळीनंतर सहा आठवडे शेक द्यायचा, म्हणाले. विजेचा शेक, मोठ्या यंत्रातून. "तो घेतला तर पुष्कळ वर्षं काढतील. नाही घेतला तर मी काही सांगू शकत नाही." शेकाचे पैसे होते, सहा आठवडे मुंबईत राहायचं-खायचं होतं, औषधं होती. आईच्या अंगावर आता मंगळसूत्रच उरलं होतं, माझा पगार दर महिन्याला येण्याआधीच जात होता आणि धाकटा भाऊ रघू दुसऱ्यांच्या मचव्यांवर खलाशी म्हणून जात होता. राहिली होती वेणूबाई. वेणूबाई म्हणजे आमचा मचवा. माझ्या आजीचं नाव ते. आजी अंगानं दांडगी, पाण्याला भिणारी, आयुष्यात कधी होडीत बसली नाही. ती गेल्यावर आबांनी नवा मचवा बांधला आणि तिला कायमची समुद्रावर धाडली. त्यामुळे आमच्या घरात वेणूबाईला डांबर लागायचं, वेणूबाईच्या बुडाला शिंपले धरायचे, आणि आई ही वाक्यं सासूच्या नावानं फार आवडीनं म्हणायची. वेणूबाई विकल्यावाचून शेक होत नव्हता. मी तसं आबांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मग दिघीच्या दिशेला हात केला. घरी चला. शेकाचं नावसुद्धा नको.

दिवाळीच्या सुट्टीत मी आगबोटीनं त्यांच्यामागून दिघीला गेले. भाऊच्या धक्क्यापासून दिघीपर्यंत मी मनातल्या मनात भाषण रचत होते. पहिल्याच दिवशी मला कळलं, की न बोलणाऱ्या माणसाशी वाद घालण्याइतकं अवघड काही नाही. वेणूबाई आमच्या अंगणासमोर वाळूवर ओढून ठेवलेली होती, अंगावर विणलेल्या झावळ्यांचे पावसाळ्याचे झाप अजून तसेच होते. नारळी पौर्णिमेला सगळे मचवे पाण्यात गेले, ही एकटी राहिली. तिच्या सावलीत आबा दिवसभर बसायचे, गळ्यावर फडकं, खांद्यावर टॉवेल. मी शेजारी जाऊन शेकाचं काढलं की ते डोळे मिटून घेत. कान तर उघडेच असतात, पण समोरच्यानं डोळे मिटले की बोलणारा आपोआप थांबतो. ही युक्ती त्यांना कंठ गेल्यावर सापडली होती आणि ते ती माझ्यावर सर्रास वापरत होते. मी रागावले. मी म्हणाले, "आबा, तुम्हाला काय, मचव्याबरोबर वाळूवर पडून राहायचंय का?" त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं, आणि पुन्हा मिटले. मला त्या मिटलेल्या डोळ्यांची भीती वाटली. मला दिसलं, की त्यांनी आपलं आणि वेणूबाईचं एकच गणित करून ठेवलंय. आवाज गेला, खलाशांवर हुकूम टाकायची तांडेलकी गेली. आता हीही गेली तर शेक कुणाला द्यायचा, असं ते मिटलेले डोळे म्हणत होते. मी उठून घरात गेले आणि आईशी भांडले, कारण ती बोलू शकत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुणाला न सांगता मी होडीनं आगरदांड्याला गेले आणि खलीलचाचांना घेऊन आले. खलीलचाचांचा लाकडाचा धंदा, दोन मचवे जळाऊ लाकूड वाहायचे. आबांचे ते तरुणपणापासूनचे सोबती, आणि वेणूबाईवर त्यांचा डोळा होता. तीनदा मागणी घातली होती, तीनदा ‘गप बस’ ऐकून परत गेले होते. मी त्यांना आणलं ह्यात एक लबाडी होती. आमच्याकडे मचवा असो, सुक्या मासळीचा ढीग असो, मोठा सौदा रुमालाखाली होतो. दोघं समोरासमोर बसतात, हातात हात घेतात, वर रुमाल टाकतात आणि आत बोटांनी बोलतात. एक बोट धरलं की एक, पंजा धरला की पाच, बोटाच्या पेराशी दाबलं की अर्धा. शेकडा की हजार ते दोघांना ठाऊकच असतं. बाहेर कुणी अक्षर काढायचं नाही. आणि गिऱ्हाईक दारात येऊन हात पुढे करून उभं राहिलं तर तो हात नाकारायचा नाही. सौदा मोडला तरी चालतो, पण हात झिडकारणं म्हणजे माणूस झिडकारणं. आबांनी खलीलचाचांना हात पुढे करून उभं असलेलं पाहिलं, मग त्यांच्यामागे उभ्या असलेल्या मला पाहिलं. मी खाली वाळूकडे बघू लागले. आबांनी खांद्यावरचा टॉवेल काढला.

मी लहानपणी हे कितीदा तरी पाहिलं असेल, पण पुरुषांचं काम म्हणून लांबून. आज अंगणाच्या कडेला आई बोंबील निवडत बसली होती, रघू उभा होता, मी उभी होते, आणि मधे झापाखाली दोन म्हातारे गुडघ्याला गुडघा लावून बसले होते. टॉवेल जरासा हालत होता. आणि उभ्या उभ्या माझ्या लक्षात आलं, की खलीलचाचाही बोलत नाहीत. त्यांना कंठ होता, चांगला पानानं रंगलेला होता, आणि तो ह्या घटकेला काहीच कामाचा नव्हता. टॉवेलाखाली सगळेच मुके. तीन महिन्यांत पहिल्यांदा आबा कुणाहून कमी नव्हते. उलट आबांची दर्यावरची बोटं ती, चाचांची लाकडाच्या वखारीत बसून मऊ पडलेली. आबांचा चेहरा बदलला. भाव करताना पूर्वी असायचा तसा, झोपाळू आणि वस्ताद झाला. चाचांनी भुवया वर केल्या. आबांनी आकाशाकडे बघितलं. चाचांनी हात सोडवून उठायचं नाटक केलं, आबांनी त्यांना जाऊ दिलं, ते पुन्हा बसले. एवढं नेहमीचंच. पण मग वेळ जाऊ लागला. सौदा म्हणजे विडी ओढून होईपर्यंतचं काम, आणि इथे बोंबलांची एक टोपली निवडून झाली, आईनं दुसरी घेतली, तरी टॉवेल हालतोच आहे.  आबा मुद्दाम अशक्य भाव मागत असणार, सौदा मोडणार, आणि मग मी कुणालाही आणलं तरी उपयोग नाही. मला वाटलं, आपण हे करायला नको होतं. मला वाटलं, आपण हे फार आधी करायला हवं होतं. तोच खलीलचाचा हसायला लागले. आधी गालातल्या गालात, मग पोट धरून. आबांचे खांदे हलत होते, नळी फू फू करत होती, आणि टॉवेलाखालची बोटं हसता हसताही थांबत नव्हती. शेवटी चाचांनी हात बाहेर काढून डोळे पुसले आणि मला म्हणाले, "पोरी, तुझा बापूस आज जेवढा बोलला तेवढा तीस सालांत बोलला न्हाय माझ्यासंगं."

"चाचा, काय ठरलं?" मी विचारलं. चाचांनी आबांकडे बोट केलं. आबांनी रघूला खूण करून घरातून पाटी मागवली. माझी पाटी त्यांनी मुंबईहून बरोबर आणली होती, हेही मला तेव्हाच कळलं. तिच्यावर त्यांनी मचवा काढला, डोलकाठी, सुकाणू, पुढच्या नाळेचा बाक, सगळं जिथल्या तिथं, मग डोलकाठीवरून खाली एक उभी रेघ मारली. रेघेच्या अलीकडच्या बाजूला त्यांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला. पलीकडच्या बाजूला चाचांच्या. "अर्धी," चाचा म्हणाले. "मी पंजा धरला की ह्यो पेर दाबायचा. मी म्हटला, ह्यो आपलाच भाव का पाडतोय? मंग उजेड पडला. अर्धी इकायची हाय ह्याला. बाकीच्या अटी माझ्या तळव्यावर बोटानं काढून दावल्या. रघू तांडेल व्हनार, मासळी धरायची ती धरायचीच, सुकी मासळी माझ्या वखारीतून जायची. तिच्यात लाकूड भरू देनार न्हाय म्हनतो. कबूल केला. अल्लाची मर्जी." मी विचारलं, भाव काय? चाचांनी कानाला हात लावला. "त्यो रुमालात ऱ्हायला. शेकाला पुरतील, वर आगबोटीचा तिकीट निघंल, यवढा सांगतो." मग मी आबांकडे वळले. त्यांनी टॉवेल झटकून खांद्यावर टाकला. बोंबलांच्या टोपलीमागून आई म्हणाली, "अर्धी सासू गेली तर. कंचा अर्धा गेला तेवढा तरी इचारा." मला इतका आनंद झाला की मी वेणूबाईच्या पोटावर थाप मारली, आणि हाताला डांबर लागलं ते मुंबईला येईपर्यंत गेलं नाही.

शेक दुपारी असायचा. शाळा सकाळची होती, त्यामुळे आबांबरोबर बाकावर बसायला मी असायची. नंबर लागायला तास-दोन तास जात. बाकावर बाकीची माणसं आपापल्या रोगाकडे बघत बसलेली. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मी पाटी काढून म्हटलं, "आबा, आता शिका. रोज चार अक्षरं." आबांनी डोळे मिटले. मी म्हटलं, ही युक्ती आता चालायची नाही. ते डोळे मिटूनच बसले, आणि मग माझ्या मांडीवरच्या हातावर काहीतरी मऊ पडलं. टॉवेल होता. बाईमाणसाच्या हातावर रुमाल पडलेला मी जन्मात पाहिला नव्हता. टॉवेलाखाली त्यांचा खरबरीत हात आला आणि त्यांनी माझं एक बोट धरलं. एक अक्षर. मी पटकन त्यांची चार बोटं धरली. त्यांनी हात असा काढून घेतला की जणू मी खिसाच कापला, समोरच्या भिंतीकडे बघितलं, पुन्हा हात दिला. दोन बोटं. मी तीन. त्यांनी दोन. मी तीन, आणि घट्ट. मग त्यांनी माझी दोन बोटं धरली आणि तिसऱ्याच्या पेराशी दाबलं. अडीच. मला हसू आवरेना. माझे आबा माझ्याशी बोलत होते, सरळ, तोंडातोंडी म्हणावं तसं, आणि मी त्यांना उत्तरं देत होते. शेजारची एक बाई आपलं दुखणं विसरून आमच्याकडे बघत होती. अडीचवर सौदा झाला आणि आबांनी तो इमानानं पाळला. तिसरं अक्षर काढलं की त्याच्या डोक्यावरची रेघ ते मारत नसत. ती उद्यावर ठेवत.

सहा आठवड्यांत गळ्याची कातडी काळी पडली. तोंडाची चव गेली, आईची पेज त्यांना वाळूसारखी लागायची, तरी आई त्यांना कण्हत-कुंथत का होईना ती संपवायला लावायची. काही दुपारी त्यांना बाकावर बसवत नसे, माझ्या खांद्यावर डोकं टाकत, आणि मी पाटी पिशवीतच ठेवायची. अशा एका दुपारी मला वाटलं, एवढं करून जर हे उपयोगाचं ठरलं नाही तर. मी तो विचार कुणाला सांगितला नाही. थोड्या वेळानं आबांनी टॉवेल माझ्या हातावर ओढला आणि आत एक बोट धरलं. आज एकच. मी कबूल केलं. त्या दिवशी त्यांनी नुसता ‘ग’ काढला आणि दमून पेन्सिल ठेवली. पहिल्यांदा त्यांनी ‘व’ शिकून घेतला होता, वेणूबाईचा. मग त्यांना शब्द कळू लागले. भिंतीवरच्या पाट्या बोटानं दाखवून ते ओठांनी जुळवायचे, चुकले की मला कोपर मारायचे, जसं काही मीच चुकीचं लिहून ठेवलंय. काना दिसायचा, वेलांटीवर त्यांचा विश्वास बसत नव्हता. मी वर्गात मैनाला वेलांटी न दिल्याबद्दल रागावले आणि मग तिची पाटी तशीच परत दिली.

जानेवारीत शेक संपला. डॉक्टरांनी आरसा घालून आत बघितलं, बोटांनी मान चाचपली, आणि म्हणाले, "छान. तीन महिन्यांनी दाखवायला या." छान हा शब्द मी त्या इमारतीत पहिल्यांदाच ऐकला. आम्ही बाहेर येऊन पायरीवर बसलो. आगबोट दुसऱ्या दिवशी सकाळची होती. रघूचं पत्र आलं होतं, कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं, की वेणूबाई दोन खेपा करून आली, खलीलचाचा रोज बंदरावर येऊन आपल्या अर्ध्या बाजूला हात लावून बघून जातात. आई आनंदानं वेडी झाली होती, तिचं बोलणं थांबत नव्हतं. मलाही खुळ्यासारखं धाडस आलं. मी म्हटलं, "आबा, आता तर सांगा. अर्ध्या वेणूबाईचे किती आले?" आबांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता डोळे मिटतील. पण त्यांनी पिशवीतून पाटी काढली, गुडघ्यावर ठेवली आणि डावा हात आडवा धरून, माझ्या वर्गातली पोरं धरतात तसा आडोसा करून, लिहायला लागले. आकडा लिहायला इतका वेळ लागत नाही. मी मान लांब करून बघायला गेले तर त्यांनी कोपर पुढे आणलं. आई म्हणाली, "काय पोथी लिवतोस काय?" पेन्सिल मोडली, त्यांनी दुसरी घेतली. मग सगळ्या अक्षरांच्या डोक्यावरून एकदम एक लांब रेघ ओढली, त्या दिवशी उद्यावर काहीच न ठेवता, आणि पाटी माझ्या मांडीवर टाकली. वेलांटी लागणारा एकही शब्द त्यांनी घेतला नव्हता. अक्षरं खाली खाली उतरत गेली होती. पण वाचता येत होतं. ‘भाव सांगाचा नसतो. गप बस.’

मी ते मनात वाचलं आणि मला ते ऐकू आलं. कानामागून नाही. समोरून, दिघीच्या बंदरावरून यावं तसं.  आई माझा दंड हलवत होती, "काय लिवलान? काय लिवलान गो?" मी सांगितलं. आईला वाचता येत नाही. तिनं पाटी हातात घेतली, "ह्यातला गप बस कंचा?" म्हणून विचारलं, मी बोट ठेवून दाखवला, आणि ती त्या दोन शब्दांवरून, न पुसतील अशा बेतानं, वरच्यावर बोट फिरवत राहिली. आबा मुद्दाम रस्त्याकडे बघत होते. "बरा झाला," आई म्हणाली. "आता बरा झाला ह्यो."

दुसऱ्या दिवशी आगबोटीवर तिनं कुणाला पाटीला हात लावू दिला नाही. मी म्हटलं, पिशवीत ठेव, वारा आहे. तर म्हणाली, घासून जाईल. मग ती पाटी उताणी मांडीवर घेऊन आबांच्या शेजारी ऐसपैस बसली, पदर खोचला, आणि भाऊच्या धक्क्यापासून दिघीपर्यंत एकसारखी बोलत राहिली.